बंद केली तर सुरू व्हायची न्हाई

आमचे साहेब, म्हणजे आनंदराज, कृषी सहायक आहेत. भोकर तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी कुठल्या पिकाला कोणतं खत कधी द्यायचं हे सांगणं ही त्यांची नोकरी. ती घरी आल्यावरही सुटत नाही. मी आमटीत मीठ टाकत असताना मागं उभं राहून "सगळं एकदम नको, दोन हप्त्यांत दे" असं सांगणारा हा माणूस आहे. मी त्यांची बायको रेणुका. नांदेडात सरकारी दवाखान्यात नर्स आहे. "न्हाई सिस्टर, सकाळपासून काहीच खाल्लं न्हाई" असं म्हणणाऱ्या पेशंटच्या मिशीवरचा भज्याचा चुरा झाडत माझा दिवस जातो. त्यामुळं खोटं बोलणाऱ्याचं तोंड मला लांबूनच ओळखू येतं.

ग्रहबिह आम्ही मानत नाही. पण युरिया लागणारी गाडी नेमकी युरियावर भाषणं देणाऱ्या माणसाच्या दारात आली, हे काही बरं झालं नाही.

गाडी डिझेलची, आणि आम्ही ती दुसऱ्याच्या हातची घेतलेली. डिझेलच्या झाकणाशेजारी तिला आणखी एक निळं झाकण होतं. त्या टाकीत पाण्यासारखं एक औषध घालावं लागतं. ते डिझेलमध्ये मिसळत नाही. मागच्या धुराच्या नळीत त्याचा फवारा बसतो आणि धुरातलं विष कमी होतं. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, पण ट्रकवाले त्याला सरळ युरिया म्हणतात. एके दिवशी पंपावरचा माणूस म्हणाला, "साहेब, गाडीतला युरिया संपत आलाय. बादली देऊ का?"

साहेबांनी बादली हातात घेतली, तिच्यावरचा मजकूर वाचला आणि हसायला लागले. घरी येईपर्यंत हसत होते.

"अगं, युरिया अन् पाणी! दुसरं काही न्हाई त्यात! अन् हे लोक बादलीत भरून आपल्यालाच विकून राहिलेत! मला! कृषी सहायकाला!"

"मग आणली का न्हाई बादली?" मी विचारलं.

"आणायची कशाला? घरी करतो. फवारणी हा माझाच विषय हाय."

मग अंगणात कार्यक्रम झाला. शेतातून आणलेल्या पोत्यातला युरिया आणि आमच्या बोअरचं पाणी. आमच्या बोअरचं पाणी असं, की नवी घागर वर्षाच्या आत आतून पांढरी होते. सरकारी युरियाला कडुनिंबाच्या तेलाचं अस्तर असतं हे मला माहीत होतं, कारण तेही मला ह्यांनीच जेवताना सांगितलं होतं. मी म्हटलं, "अहो, त्यात तेल असतंय न्हवं? गाडीला चालंल का?" तर म्हणाले, "कडुनिंब हाय, जंतू मरतील." धुराच्या नळीत कुठले जंतू राहतात, हे मी विचारलं नाही. सगळं ढवळून त्यांनी ते माझ्या चहाच्या गाळणीनं गाळलं आणि निळ्या झाकणात ओतलं. पुढं आठवडाभर आमच्या घरचा चहा कडू लागत होता आणि पाहुणे कमी झाले, एवढा एकच फायदा.

गाडीनं थोडे दिवस सोसलं. मग समोर पिवळा दिवा लागला.

दिवा लागल्यावर शहाण्या माणसानं मेकॅनिककडं जावं. ह्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघितले. एका व्हिडिओत बॅटरीची वायर काढून परत लावायला सांगितली होती. ती काढली, लावली. घड्याळ मागं गेलं, रेडिओ बंद झाला, दिवा तसाच. दुसऱ्यात फ्यूज काढायला सांगितला होता. तो काढला, तर वायपर बंद झाला. मग गुपचूप कंपनीची एक बाटली आणून आहे त्याच्यावर ओतली. करपलेल्या खिरीत वरून साखर टाकावी तसं. शेवटी गाडीनं स्वच्छ अक्षरांत लिहून दिलं, की अमुक किलोमीटर झाल्यावर इंजिन पुन्हा सुरू होणार नाही. आणि तो आकडा रोज उतरायला लागला.

तेव्हा आम्ही दस्तगीरभाईंकडं गेलो. दस्तगीरभाई म्हणजे मोठं प्रस्थ. त्यांचं गॅरेज एका गाडीचं, पण बोलणं कारखान्याचं. स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर खुपसून ते पडद्याकडं अशा चेहऱ्यानं बघतात, की आपल्यालाच काहीतरी झालंय असं वाटावं.

"फवाऱ्याचा नोझल चोक हाय," दस्तगीरभाई म्हणाले. "कसम सांगतो, दुसरं काही असलं तर मी धंदा सोडंन."

नोझल काढला, गरम पाण्यात बुडवला, त्याच्यावरचे पांढरे खडे विरघळले, परत बसवला. दिवा गेला. दोन दिवसांनी परत आला. दस्तगीरभाईंनी धंदा सोडला नाही.

"मग सेन्सर. टाकीतला माल चांगला हाय का वाईट, ते सांगणारा सेन्सर. तोच येडा झालाय. हैदराबादहून मागवावा लागंल." आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "साहेब, टाकीत काय टाकलंत?"

"कंपनीचंच," आमचे साहेब म्हणाले.

आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला तो भज्याचा चुरा दिसला. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी गॅरेजमधल्या टायरांकडं बघितलं. मी बोलले नाही. चारचौघांत नवऱ्याचं नाक कापायचं नसतं, घरी नेऊन कापायचं असतं. ते मी रीतसर कापलं. "डॉक्टरपुढं खोटं बोललात तर औषध चुकीचंच मिळणार," म्हटलं. पण गडी ऐकेना. कृषी सहायकानं युरियात मार खाल्ला हे गावात कळलं, तर उद्या शेतकरी बांधावर उभं करतील का, हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न बरोबर होता, पण त्यानं गाडी सुधारणार नव्हती.

आता आत्यांचं सांगते, कारण ही सगळी गोष्ट त्यांचीच आहे.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. नाव धुरपताबाई, माहेर जळकोट. तिथं त्यांचा धाकटा भाऊ आहे, नरसिंगमामा. ह्या दोघांचं एकमेकांशिवाय पान हलत नसे. मग मामांच्या लेकीचं, सिंधूचं, लग्न झालं. स्टेजवर फोटो काढताना फोटोवाला आत्यांना म्हणाला, "आजी, जरा बाजूला सरा." आणि घाईत असलेले मामा म्हणाले, "सर गं अक्का." आत्या सरल्या. त्या सरत सरत थेट बसस्टँडवर गेल्या. राग फोटोवाल्यानं आजी म्हटल्याचा होता की मामांनी सर म्हटल्याचा, हे अजून ठरलेलं नाही. त्या दिवसापासून आत्या जळकोटला जातात त्या उभ्या उभ्या. लग्न असो, मयत असो, चहा घ्यायचा आणि दिवेलागणीच्या आत निघायचं. भाऊ तोंडानं 'राहा' म्हटल्याशिवाय त्याच्या घरात रात काढायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मामांचंही एक म्हणणं होतं. "माहेर तिचं. ज्याचं घर त्यालाच कुणी राहा म्हणतं का? मी म्हणलं तर ती पाव्हणी झाली न्हवं?"

दोघांचंही बरोबर, म्हणून भांडण मिटेना. लोकांना सांगायला आत्यांकडं गुडघे होते. "माझे गुडघे मुडपत न्हाईत. तिथं कमोड न्हाई. कशी राहू?" हे त्या इतक्यांदा म्हणाल्या, की त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं. पण कधी दुपारी पडल्या पडल्या त्या जळकोटच्या घराचं दार, चिंचेचं झाड, आईची चूल असलं काहीबाही बोलायच्या, आणि मग स्वतःच "जाऊ द्या" म्हणून कूस बदलायच्या. मला त्यांचं वाईट वाटायचं. माणूस म्हातारं झालं की त्याला जिथं लहान होतो तिथं एकदा निजावंसं वाटतं, आणि ह्या बाईला तेवढंच मिळत नव्हतं.

वैशाखात मामांचं नवं घर बांधून झालं. घरभरणीचं बोलावणं आलं. दस्तगीरभाईंचा सेन्सर अजून हैदराबादेतच होता. मी म्हटलं, बसनं जाऊ. आत्या म्हणाल्या, "बस चुकली की रात काढावी लागंल. गाडी असली की आपल्या मनानं निघता येतं. गाडीच घ्या."

दस्तगीरभाईंना फोन केला. ते म्हणाले, "जाऊन या, बेफिकीर. आकडा शून्यावर आला तरी चालती गाडी बंद पडत न्हाई. फकत तुम्ही बंद करू नका. एकदा बंद केली, तर पुन्हा सुरू व्हायची न्हाई."

कंधारच्या अलीकडं आकडा शून्यावर आला. गाडीत एसी चालू होता आणि साहेबांच्या कपाळावरून घाम वाहत होता.

मागून आत्या म्हणाल्या, "घाम का येऊन राहिलाय रे?"

साहेबांना सांगावं लागलं. आत्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"बंद केली, तर?"

"सुरू व्हायची न्हाई."

"कदीच?"

"मेकॅनिक येऊन काही करंस्तवर न्हाई, आई."

"मग बंद करू नको बाबा. मला तिथं रात काढायची न्हाई."

अशा रीतीनं आम्ही जळकोटला पोचलो आणि चालू गाडी मामांच्या दारात चिंचेखाली उभी केली. उतरलो आम्ही, गाडी घरघरतच राहिली. मामा हात जोडून पुढं आले. "या. गाडी बंद करा की."

"असू द्या मामा."

मामांचं तोंड उतरलं. दारात चालू गाडी उभी ठेवणं म्हणजे 'आलो, हा निघालो' असं सांगणं. त्यांनी आत्यांकडं बघितलं. आत्यांनी चिंचेकडं बघितलं.

आत बौद्धाचार्य दयानंद गुरुजी वंदना घेत होते. बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्त्या, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, सगळे पांढऱ्या कपड्यांत हात जोडून बसलेले. मोठं शांत वातावरण, आणि बाहेरून घर्र घर्र. दोन ओळी झाल्यावर गुरुजी थांबले आणि म्हणाले, "ज्या कुणा उपासकाची गाडी असेल, त्यांनी ती कृपया बंद करावी." उपासक आनंदराज मान खाली घालून बसले. गुरुजींनी आणखी दोन ओळी म्हटल्या आणि परत थांबले. शेवटी साहेब उठले, गुरुजींच्या कानाशी गेले आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिले. गुरुजींनी सगळं ऐकलं आणि पुढची वंदना इंजिनाच्या वर आवाज काढून म्हटली.

वैशाखातलं जळकोट म्हणजे तापलेला तवा. चिंचेखाली एक गाडी बंद होत नाही आणि तिच्यात एसी आहे, ही बातमी खीर वाढून होईपर्यंत गावभर झाली. आधी दोन म्हाताऱ्या आत जाऊन बसल्या. मग एक बाळंतीण. मग शेजारचे वैजनाथराव ड्रायव्हरच्या जागेवर बसले, "कुणी चुकून बंद करू ने म्हणून" असं म्हणाले आणि तोंड उघडं टाकून झोपले. मागच्या सीटवर पाळ्या लागल्या. मी आयुष्यात पहिल्यांदाच गाडीसाठी ओपीडीसारखी रांग बघितली.

मामांचा मात्र जीव जळत होता. ते गाडीभोवती चकरा मारत होते. "डिझेल जळून राहिलंय," एका चकरेला म्हणायचे. "उगं फुकटचं जळून राहिलंय," दुसऱ्या चकरेला. साहेब त्यांच्या मागं मागं. "मामा, हात लावू नका. मामा, पाया पडतो."

जेवणं झाल्यावर आत्या मला म्हणाल्या, "रेणुका, मोरीकडं घेऊन चल."

मामींनी दार दाखवलं. आत गेलो आणि आम्ही दोघीही दारातच थांबलो. कोपऱ्यात पांढराशुभ्र कमोड होता. त्याच्या झाकणावरचं प्लास्टिक तसंच, कंपनीचा स्टिकरही तसाच. शेजारच्या भिंतीत हाताशी येईल असा स्टीलचा दांडा बसवलेला.

"हे कुणासाठी हो, मामी?" मी विचारलं.

"त्यास्नीच इचारा," मामी म्हणाल्या. "घरात कुणाला लागत न्हाई, अन् कुणाला वापरूबी देत न्हाईत. पोरं हात लावाय गेली की वरडतेत. त्यो दांडा बसवायच्या टायमाला तर मला हितं गुडघे वाकवून उभी केली. म्हणे अक्का तुझ्यापेक्षा एवढी बुटकी हाय. गवंडी हसून हसून खाली बसला."

आत्यांनी मला बाहेर काढून दार लावलं. आतून बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं, पण डोळे लाल होते. पदरानं तोंड पुसत त्या म्हणाल्या, "रेणुका, ती गाडी. बंद केली तर पक्कं सुरू व्हायची न्हाई का?"

"न्हाई, आत्या."

"आनंदराजनं उगं भेव घातलं नसंल न्हवं?"

"मेकॅनिकच म्हणालाय."

"बरं," आत्या म्हणाल्या.

त्या सावकाश, एकेक गुडघा सांभाळत, चिंचेकडं गेल्या. मी ओसरीत उभी होते, मला सगळं दिसत होतं. त्यांनी काचेवर टिचकी मारून वैजनाथरावांना उठवलं. "जा, जेवून घे. मी बसते." मागच्या सीटवरच्या बायकांनाही हाकललं. मग ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या. ह्या बाईनं जन्मात कधी गाडीची किल्ली हातात धरली नव्हती. पण आपला लेक गाडी चालवतो कशी, हे त्या नेहमी मागं बसून बघत आलेल्या.

घरघर थांबली. इतका वेळ तो आवाज कानात होता, की तो थांबल्यावर चिंचेवरचे कावळे ऐकू यायला लागले.

आत्या खाली उतरल्या, दार लावलं, माझ्या शेजारून सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि मामींच्या पुढ्यातला लसूण ओढून सोलायला बसल्या. जाता जाता म्हणाल्या, "बंद पडली, बाई."

मी जाऊन बघितलं. किल्ली मागं फिरलेली होती. आपोआप बंद पडलेल्या गाडीची किल्ली आपोआप फिरत नाही.

साहेब धावत आले. त्यांनी किल्ली फिरवून बघितली. गाडीनं पडद्यावर तेच वाक्य परत लिहून दाखवलं, आणि बाकी काही केलं नाही. मग चौकशी सुरू झाली. वैजनाथराव शपथेवर म्हणाले, मी जेवत होतो. म्हाताऱ्या म्हणाल्या, आम्हाला बाई कळतंय का त्यातलं. शेवटी सगळ्यांचे डोळे मामांकडं वळले, कारण सकाळपासून डिझेलचा जप तेच करत होते.

"मामा," साहेब रडकुंडीला येऊन म्हणाले, "तुम्हीच केलीत. डिझेल वाचवायला केलीत. आता आईला रात काढावी लागंल हितं! ती मला जित्ता सोडंल का?"

मामा चिंचेच्या बुडाशी बाजेवर बसले होते. बाज गाडीच्या अगदी समोर होती, काचेतून आतलं सगळं दिसेल अशी. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. दारात आत्या उभ्या होत्या, हातात अर्धा सोललेला लसूण.

"हाव," मामा म्हणाले. "माझ्याच हातनं झाली."

आत्यांच्या हातातला लसूण खाली पडला. मी उचलून दिला.

मग मात्र मी गप्प बसले नाही. मामेसासऱ्याचं घर म्हणजे घरच, तिथं नाक कापायला हरकत नव्हती. सगळ्यांच्या देखत दस्तगीरभाईंना फोन लावला आणि युरिया, बोअर, कडुनिंब आणि माझी गाळणी, सगळं सांगून टाकलं. पलीकडून इतका वेळ हसण्याचा आवाज आला, की मला वाटलं फोन पडला. मग ते म्हणाले, "सिस्टर, म्हणजे सेन्सर शहाणा व्हता, येडे आपुन व्हतो. भाची मुबश्शिराचं लग्न हाय. ते उरकलं की सामान घेऊन येतो. तंवर कुणी काही करू नका. खास करून साहेबांनी."

त्या रात्री आत्या माहेरात निजल्या. सकाळी बघितलं, तर कमोडवरचं प्लास्टिक निघालेलं होतं आणि ते घडी घालून खिडकीत ठेवलेलं होतं. स्टिकर मात्र निघाला नव्हता, तो मामा चाकूनं खरवडत बसले होते.

पुढचे दिवस दोघं बहीणभाऊ बाजेवर बसून भांडत होते. लहानपणी विहिरीत कुणी कुणाला ढकललं, आईची खीर गुळाची होती का साखरेची, चिंच कुणी लावली. मी आत्यांना इतकं बोलताना कधीच बघितलं नव्हतं. दवाखान्यात फोन करून मी रजा वाढवून घेतली. पण 'राहा' हा शब्द मामांच्या तोंडून निघाला नाही, आणि 'राहते' असंही आत्या म्हणाल्या नाहीत. कुणी विचारलं की दोघंही गाडीकडं बोट दाखवायचे.

लग्न उरकून दस्तगीरभाई आले. त्यांनी नळी घालून निळ्या टाकीतलं पाणी उपसलं. हिरवट, फेसाळ, कडुनिंबाच्या वासाचं. सगळा गाव बघायला जमला.

"साहेब, ह्याच्यावर कापूस लई झकास येईल," दस्तगीरभाई म्हणाले.

"एकदम दिलं तर न्हाई येणार. दोन हप्त्यांत द्यावं लागंल," साहेब म्हणाले. मी त्यांना कोपर मारलं.

टाकी बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यानं दोनदा धुतली, नोझल परत गरम पाण्यात बुडवला, सीलबंद डबा फोडून टाकी भरली. मग दस्तगीरभाईंनी स्कॅनर लावला आणि पडद्यावर बोटं मारत बराच वेळ गाडीची समजूत काढली. हैदराबादच्या सेन्सरची गरजच पडली नाही. "मारा सेल्फ," म्हणाले.

साहेबांनी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. दिवा नाही, आकडा नाही, काही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दस्तगीरभाईंनी त्या घेतल्या.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या फक्त आत्यांनी. त्या दारात उभ्या राहून दस्तगीरभाईंकडं अशा बघत होत्या, की तो बिचारा स्कॅनर पोटाशी धरून मागं सरकला. मग त्या म्हणाल्या, "चला, झालं. रेणुका, माझी पिशवी भर." आवाज साधाच होता.

मी पिशवी आणायला वळले, तेवढ्यात मामा बाजेवरून उठले. ते सरळ गाडीपाशी गेले, खिडकीतून हात घातला, किल्ली फिरवून गाडी बंद केली, किल्ली काढली आणि बंडीच्या खिशात टाकली. साहेबांचं तोंड उघडं राहिलं.

"अक्का," मामा म्हणाले. "त्या दिशी तू बंद केलीस. आज मी केली. राहा."

आत्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"एवढी वर्सं जीभ झडली व्हती का रे तुझी?"

"तुझे गुडघे दुखून राहिले व्हते न्हवं," मामा म्हणाले.

मी पिशवी परत खुंटीला लावली. मलाही भडभडून आलं होतं, पण मी नर्स आहे, मला चारचौघांत रडता येत नाही. म्हणून मी साहेबांवर ओरडले, की बघत काय उभे राहिलात, दस्तगीरभाईंना पाणी द्या.

साहेबांनी संध्याकाळी किल्ली मागून बघितली. "मामा, मला उद्या ऑफिस हाय." मामा म्हणाले, "मग एसटी जाती की." दस्तगीरभाई आपल्या मोटरसायकलवर स्कॅनर बांधून आधीच निघून गेले होते. त्यामुळं गाडी ठणठणीत बरी होऊन जळकोटात राहिली आणि आम्ही दोघं एसटीत उभ्यानं नांदेडला आलो. कंधार गेल्यावर साहेब म्हणाले, "रेणुका, माझं प्रमाण बरोबर व्हतं बरं का. चूक पाण्याची." मी म्हटलं, "गाळणी नवी आणा."

गाडी अजून तिकडंच आहे. माहेरी आलेली सिंधू फोनवर सांगत होती, की मामा रोज सकाळी चहाच्या आधी ती सुरू करून बघतात, आत्या दारात येऊन उभ्या राहतात, आणि ती चालतेय हे दोघांनी नीट बघितलं की मामा ती बंद करून किल्ली परत खिशात टाकतात.